मरेपर्यंत नोकरी पक्की, मग शौर्य कसलं? (अलाबामाचे जज फ्रँक जॉन्सन)

अटलांटाचा_अण्णा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

लाँग वीकेंडला माँटगोमेरीला जाऊन आलो. अटलांटाहून अडीच तास, अलाबामाची हद्द लागली की घड्याळ एक तास मागे, त्यामुळे नऊला निघून साडेदहाला पोचल्याचं उगाच समाधान. तिथे ग्रेहाउंडचा जुना बस स्टँड आहे, आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडपेक्षाही लहान, आता त्याचं म्युझियम केलंय. २० मे १९६१ ला इथेच फ्रीडम रायडर्सना (बसप्रवासातला काळा-गोरा भेद मोडायला एकत्र बसने निघालेले काळे-गोरे लोक) जमावाने बदडलं आणि पोलीस वेळेवर फिरकलेच नाहीत. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) त्या स्टँडच्या पाठीला लागून जी भलीमोठी इमारत आहे ते चक्क फेडरल कोर्ट. म्हणजे कोर्टाच्या भिंतीला टेकून हे सगळं झालं. आज त्या इमारतीला फ्रँक एम. जॉन्सन ज्युनियर यांचं नाव आहे.

मला हे नाव माहीत नव्हतं, घरी येऊन वाचलं. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने नेमलं तेव्हा वय जेमतेम सदतीस. खुर्चीत बसून वर्ष व्हायच्या आत माँटगोमेरीच्या बसमधला काळा-गोरा भेद घटनाबाह्य ठरवला. मग मतदार नोंदणी, शाळा, ज्युरी, सेल्माचा मोर्चा, वेड्यांची हॉस्पिटलं, तुरुंग. एकटा माणूस राज्याच्या मानगुटीवर वीसेक वर्षं बसलेला.

मी हे सगळं जेवताना कन्येला (वय १४) रंगवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण बाबा, त्याला कोणी काढून टाकू शकत नव्हतं ना? मग त्यात काय एवढं?"

खरंय की. इथे फेडरल जज मरेपर्यंत जज. निवृत्तीचं वय नाही, पगार कमी करता येत नाही, काढायचं तर महाभियोग, आणि दोनशे वर्षांहून जास्त काळात सिनेटने दोषी ठरवून घरी पाठवलेले जज फक्त ८. मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही सांगा.

सदाशिवपेठी

मुलगी हुशार आहे. धागा इथेच बंद करायला हरकत नसावी.

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. बाय द वे, मरेपर्यंत पक्की नोकरी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचीपण आहे, शौर्य म्हणाल तर पाण्याची टाकी धुवून घेण्याएवढंही नाही.

वकीलीण_बाई

अण्णा, चांगला विषय. मुलीचा प्रश्न बरोबर आहे पण अर्धा आहे, उरलेला अर्धा जॉन्सनच्या वर्गमित्राकडे आहे.

अलाबामा विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये त्याच्याबरोबर जॉर्ज वॉलेस होता. हो, तोच, पुढे गव्हर्नर झालेला, १९६३ च्या शपथविधीत 'आज, उद्या आणि कायम वेगळेपणच' अशी गर्जना करणारा. दोघे चांगले मित्र. पुढे दोघेही जज झाले हे लोक विसरतात. वॉलेस राज्याच्या कोर्टात सर्किट जज होता, आणि अलाबामात राज्याचे जज निवडणुकीने येतात, अगदी पक्षाच्या चिन्हावर वगैरे.

१९५८ ला केंद्राच्या नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची दफ्तरं मागितली. वॉलेसने ती जप्त केली आणि जाहीर केलं, देणार नाही, कोणी न्यायला आला तर त्यालाच आत टाकीन. प्रकरण आलं जॉन्सनपुढे. त्याने हुकूम केला, दफ्तरं द्या. आता वॉलेसने काय करावं? बाहेर छाती पुढे काढून उभा आणि आतल्या बाजूने दफ्तरं ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा की नाही ते ठरवणारी नागरिकांची समिती) हाती गुपचूप पोचती केली, म्हणजे तिथून आयोगाला मिळतील. जानेवारी १९५९ मध्ये अवमानाची सुनावणी झाली तर जॉन्सनने त्याला सोडलं, आणि निकालात साधारण असं लिहून ठेवलं की या गृहस्थांनी वरवर अवज्ञेचा आव आणला पण आडमार्गाने हुकूम पाळला आहे. म्हणजे हुतात्मा व्हायची संधीच काढून घेतली!! थोडी शिक्षा झाली असती तर वॉलेसला मतं मिळाली असती. त्यानंतर वॉलेस त्याला जाहीर सभांत खोटारडा म्हणत फिरला.

एकाच वर्गातले दोघे, दोघेही जज. एकाला मतं मागायची होती, एकाला नव्हती. मुलीला हे सांगा.

शंकासुर

@वकीलीण_बाई, म्हणजे तुम्ही कन्येचंच म्हणणं सिद्ध केलंत. वॉलेसला नोकरी पक्की दिली असती तर तोही साधूपुरुष झाला असता आणि जॉन्सनला निवडणूक लढवायला लावली असती तर तोही गर्जना करत फिरला असता. श्रेय व्यवस्थेचं, माणसाचं नाही.

जुनाजाणता

मी जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं नोकरी करून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. न्यायाधीश फार जवळून पाहिले. आपल्याकडे काढत नाहीत हो, बदली करतात. एका तालुक्याला एक साहेब होते, वाळूच्या प्रकरणात एक हुकूम केला आणि पुढच्या उन्हाळ्यात राज्याच्या दुसऱ्या टोकाला. मुलीची दहावी तोंडावर. साहेब काही बोलले नाहीत, चहा मागवला, रोजनाम्यावर सह्या केल्या आणि स्वतःची पितळी टाकदाणी पिशवीत घालून निघाले. तेव्हा नोकरी राहणे म्हणजे निर्भय असणे नव्हे.

जॉन्सनसाहेबांबद्दल सांगायचे तर त्यांच्या घराच्या अंगणात क्रॉस जाळला गेला (गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची ही धमकीची खूण). धमक्यांची पत्रे तर नेहमीचीच. वर्षानुवर्षे घराबाहेर फेडरल मार्शलचा पहारा. एप्रिल १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला. वडिलांचे आणि मुलाचे नाव एकच, त्यामुळे फोन डिरेक्टरी पाहून घर चुकले असे मानतात. म्हातारी घरात होती, सुदैवाने वाचली. लोकांनी सांगितले घर सोडा, ती म्हणाली नाही सोडणार. तिचे नाव ठाऊक आहे? अलाबामा. खरोखर, बाईंचे नावच अलाबामा होते.

घटनेने जज्जसाहेबांची नोकरी राखली, आईच्या घराला कोणत्या कलमाने संरक्षण होते?

भटकभवानी

काका _/\_
अंगावर काटा आला. आईचं नाव अलाबामा आणि अलाबामाच बॉम्ब टाकतंय.

नागपुरी_तर्री

थांबा बे, या माणसाचं गाव तं सांगा कोणी. मी वाचून राहिलो तं मजाच निघाली. हा उत्तर अलाबामातल्या विन्स्टन काउंटीचा. डोंगराळ मुलूख, कापसाचे मोठे मळे नाहीत, गुलाम जवळपास नाहीतच. १८६१ मध्ये अलाबामा अमेरिकेतून फुटलं तवा हे लोक म्हणे आमाले नाही फुटायचं. एका खानावळीत सभा भरवली आणि सूर असा, की राज्य देशातून फुटू शकते तं काउंटी राज्यातून काहून नाही फुटू शकत? त्यावरून 'फ्री स्टेट ऑफ विन्स्टन' हे नाव पडलं. वेगळा विदर्भवाल्यांनी नोंद घ्यावी 😂

म्हणून तिथं शंभर वर्षांनीसुद्धा रिपब्लिकन लोकं होते जेव्हा बाकी अख्खं राज्य डेमोक्रॅट. (तवाचे पक्ष आजच्यासारखे नव्हते, उलटंच होतं.) याचा बाप तं अलाबामाच्या विधानसभेत एकटा रिपब्लिकन होता काही काळ. सारी सभा एकीकडे आणि बाप एकीकडे. असं पोरगं चार लोकांच्या डोळ्यांले काय भिऊन राहिलं!

म्हणून शंकासुर भाऊ, वॉलेसले पक्की नोकरी दिली असती तरी तो जॉन्सन झाला नसता. माती वेगळी न.

चहाटळ

मातीचा मुद्दा आला, आता धागा शंभरी गाठणार. कोकण, खान्देश, या लवकर.

वकीलीण_बाई

@शंकासुर, तुमचा मुद्दा तपासून बघू या, पुरावा त्याच बसच्या केसमध्ये आहे.

ब्राउडर विरुद्ध गेल. तीन जजांचं खंडपीठ: जॉन्सन, रिचर्ड रिव्हज आणि सेबर्न लिन. तिघेही अलाबामाचे, तिघेही गोरे, तिघांचीही नेमणूक तहहयात. तुमच्या हिशेबाने तिघांनी एकच निकाल द्यायला हवा होता. जून १९५६ ला निकाल लागला २ विरुद्ध १. लिनचं म्हणणं, सुप्रीम कोर्टाचा 'वेगळं पण समान' चालतं हा जुना निर्णय बसला लागू आहे, तो त्यांनी स्वतः बदलेपर्यंत आम्ही कोण? (कायद्याच्या दृष्टीने हा मुद्दा हास्यास्पद नव्हता हेही सांगते.) नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने बहुमताचा निकाल कायम केला आणि डिसेंबरात काळ्या लोकांचा बसवरचा ३८१ दिवसांचा बहिष्कार संपला.

रिव्हज यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. त्या पोराच्या कबरीवर लोकांनी कचरा आणून टाकला. लिन यांच्या वाट्याला असं काही आल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

मिसिसिपीत बघा, हॅरल्ड कॉक्स. केनेडीने नेमलेला, तोही तहहयात, आणि कोर्टात बसून काळ्या मतदारांना चिंपांझी म्हणणारा. तो तर पक्क्या नोकरीच्या जोरावर तसा वागत होता! दार उघडं मिळालं म्हणून प्रत्येक जण बाहेर पडतोच असं नाही.

भटकभवानी

ब्राउडर केसचं नाव आलं म्हणून थोडं अवांतर. सगळ्यांना रोझा पार्क्स माहीत असते पण या दाव्यात ती नव्हतीच. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईज स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन अशा चौघी होत्या. क्लॉडेट १५ वर्षांची असताना, म्हणजे रोझाच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, सीटवरून उठली नाही म्हणून पकडली गेली. ती कोर्टात साक्षीला उभी राहिली तेव्हा समोर हे तिघे गोरे जज. तिचं बाल न्यायालयातलं रेकॉर्ड पुसलं गेलं ते २०२१ च्या डिसेंबरात, वय ८२!!

अण्णा, तुमची मुलगी १४ ची ना? तिला जजपेक्षा क्लॉडेटचं सांगा. हिला कुठे मरेपर्यंत नोकरी होती.

टेक्सासची_ताई

+१००० भटकभवानी

शंकासुर

ठीक आहे, लिनचा मुद्दा मान्य, अर्धा गुण तुम्हाला. पण इथे आरती चालू आहे म्हणून एक खडा टाकतो.

टस्कीगी गावाची केस वाचा. गावात शिकलेले काळे लोक भरपूर, मतदार व्हायला लागले. तर १९५७ ला अलाबामा विधानसभेने गावाची हद्दच बदलली. चौकोनी गाव होतं त्याला २८ बाजूंची आकृती करून टाकली, म्हणजे काळ्यांची घरं बाहेर आणि गोरे सगळे आत. नकाशा बघा, लहान पोराने कात्रीने कागद कुरतडल्यासारखा दिसतो. लोक कोर्टात गेले आणि तुमच्या या धैर्यमेरूने दावा फेटाळला! कारण काय तर हद्दी ठरवणं हा विधानसभेचा अधिकार. १९६० ला सुप्रीम कोर्टाने एकमताने उलटवलं तेव्हा न्याय मिळाला.

आणि फ्रीडम रायडर्स. कू क्लक्स क्लॅन (गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची हिंसक संघटना) आणि पोलिसांना मनाई केली हे सगळे सांगतात, पण त्याच झटक्यात रायडर्सच्या संघटनांनाही काही दिवसांसाठी अशा फेऱ्या काढायला मनाई केली होती हे कोणी सांगत नाही.

वकीलीण_बाई

दोन्ही खरं आहे. नाकारत नाही.

पण तोच माणूस बघा, तो कायद्याचं पुस्तक उघडून बसणारा आहे. पुस्तक ज्या बाजूला पडेल त्या बाजूला. टस्कीगीला ते चुकीच्या बाजूला पडलं. मला तो म्हणूनच खरा वाटतो, चळवळीतला वाटत नाही.

जुनाजाणता

बरोबर. एक उदाहरण. सेल्माच्या मोर्च्यानंतर व्हायोला ल्युझो नावाच्या गोऱ्या बाईला क्लॅनच्या लोकांनी गाडीतून पाठलाग करून गोळी घातली. राज्याच्या कोर्टात तिघा आरोपींपैकी एकाचा खटला आधी ज्युरीचे एकमत न झाल्याने अडकला, दुसऱ्यांदा तो निर्दोष. मग केंद्राने नागरी हक्कांच्या कटाचा खटला भरला, तो जॉन्सनसाहेबांसमोर, डिसेंबर १९६५. सगळी ज्युरी गोरी. ज्युरीने येऊन सांगितले आमचे जमत नाही. साहेबांनी सांगितले परत जा आणि आणखी विचार करा. गेले, आणि तिघांनाही दोषी ठरवून आले. प्रत्येकी दहा वर्षे. अलाबामाच्या गोऱ्या ज्युरीकडून हे होईल असे फार थोड्यांना वाटले असेल.

फावल्या वेळात साहेब जुनी मोठी घड्याळे दुरुस्त करीत आणि तंबाखू चघळीत. तंबाखूपुरते ते आमच्या कोर्टातच शोभले असते.

चहाटळ

घड्याळं दुरुस्त करणारा जज, आणि राज्य जॉर्जियाच्या एक तास मागे. अण्णा, बघा, मोडलेलं काय होतं ते कळलं.

सदाशिवपेठी

एक तास? मला वाटलं शंभर वर्षं.

मेंदूची_डॉक्टर

मूळ लेखात 'वेड्यांची हॉस्पिटलं' असं एका शब्दात उरकलंय म्हणून लिहिते, कारण आमच्या विषयात हा माणूस सेल्मासाठी नाही, वायट विरुद्ध स्टिकनी साठी ओळखला जातो.

१९७० मध्ये अलाबामाने सिगारेटवरच्या करातला वाटा कमी केला, तो पैसा मनोरुग्णालयांना जात असे. त्यामुळे टस्कलूसाच्या ब्राइस हॉस्पिटलमधले सुमारे शंभर कर्मचारी कमी केले. दावा मुळात नोकऱ्या वाचवायला झाला! कर्मचाऱ्यांनी एका रुग्णालाही वादी केलं, रिकी वायट, १५ वर्षांचा मुलगा, मानसिक आजार नसताना खोड्या करतो म्हणून आत टाकलेला, त्याची मावशी/आत्या तिथेच नोकरीला. जॉन्सन म्हणाला, नोकऱ्यांचं मला सांगू नका, मला हे सांगा की या पाच हजार माणसांना तुम्ही उपचारासाठी कोंडलंय ना, मग उपचार कुठे आहेत? उपचार न देता कोंडून ठेवणं म्हणजे कैद, आणि ही माणसं गुन्हेगार नाहीत.

मग साक्षी निघाल्या. जेवणावर माणशी दिवसाला पन्नास सेंटपेक्षा कमी खर्च. एकीला बोटं चोखते म्हणून नऊ वर्षं हात बांधणाऱ्या जॅकेटमध्ये ठेवलेली. नऊ वर्षं. जॉन्सनने राज्याला आधी सहा महिने दिले, राज्याला काही जमलं नाही, मग १९७२ ला त्याने स्वतःच यादी लिहिली: किती रुग्णांमागे किती नर्स, किती डॉक्टर, खोलीत किती जागा, किती जणांमागे एक संडास, पाण्याचं तापमान किती. जजने संडास मोजले.

मी इंटर्नशिपला एका सरकारी मनोरुग्णालयात पंधरा दिवस होते (नाव सांगत नाही). पहिल्या दिवशी वॉर्डात शिरले तर संध्याकाळी पाचला दिवे लागायच्या आधीच सगळ्यांना जेवण देऊन झोपवलेलं, कारण रात्रपाळीला माणूस एकच. एक आजी खिडकीच्या गजाला पदराचं टोक बांधत होत्या, सोडत होत्या, परत बांधत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ नेयला येणार हाय, पदर नीट पायजे." फाइल बघितली, दाखल होऊन सोळा वर्षं. म्हणून मला ती संडासांची यादी वाचताना रडू आलं होतं, लोक हसतील हसू देत.

भटकभवानी

डॉक्टर 🙏 काय बोलू.

सदाशिवपेठी

भावनांचा आदर आहे पण प्रश्न राहतोच. न निवडलेला एक माणूस हॉस्पिटल चालवणार, १९७६ पासून तुरुंग चालवणार, कोठडी किती फुटांची तेही तोच ठरवणार. पैसे कोण देणार, अलाबामाचा करदाता. मग निवडणुका घेताच कशाला? आपल्याकडे कोर्टाने दहीहंडीची उंची ठरवली तर आपण 'कोर्टाला हेच काम आहे का' म्हणतो, आणि अलाबामात कोर्टाने पाण्याचं तापमान ठरवलं की टाळ्या.

वॉलेस म्हणायचा फेडरल जजांना काटेरी तारेचा एनिमा द्यायला हवा. माणूस वाईट होता पण त्याच्या त्राग्यामागे एक प्रश्न होता.

चहाटळ

काटेरी तारेचा एनिमा 😳 मी पॉपकॉर्न खाली ठेवतोय.

मेंदूची_डॉक्टर

@सदाशिवपेठी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. त्या केसवर देखरेख २००३ पर्यंत, म्हणजे ३३ वर्षं चालली, हे काही आदर्श कारभाराचं लक्षण नाही. पण त्या आजींचं मतदार यादीत नाव नव्हतं. निवडून आलेला माणूस त्यांच्याकडे कधी आणि कशासाठी येणार होता?

टेक्सासची_ताई

मी दोन गोष्टी पटकन. १) १९७२, हवाई दलातल्या शॅरन फ्रंटिएरोला नवऱ्यासाठी भत्ता मिळत नव्हता, पुरुषांना बायकोसाठी आपोआप मिळायचा. तीन जजांच्या खंडपीठात ती हरली, विरोधात एकटा जॉन्सन. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने त्याचंच म्हणणं धरलं, तिथे रूथ गिन्सबर्गही (पुढे स्वतः सुप्रीम कोर्टाच्या जज झालेल्या) बोलल्या होत्या. २) १९८५, तेव्हा तो अपील कोर्टात, जॉर्जियाचा समलिंगी संबंधांविरुद्धचा कायदा मूलभूत हक्कावर घाला घालतो असं त्याने निकालात लिहिलं. सुप्रीम कोर्टाने ८६ ला उलटवलं, आणि २००३ ला स्वतःचाच निर्णय चुकला म्हणून परत फिरवलं. तो १९९९ लाच गेला, बघायला नव्हता. आपल्याकडे ३७७ वर २०१८ उजाडलं.

कार्टरने १९७७ ला एफबीआयचं प्रमुखपद देऊ केलं होतं, तब्येतीमुळे राहिलं.

निळी_पहाट

सगळं वाचलं. सेल्मावर सगळे नुसते नाव घेऊन पुढे गेले म्हणून लिहितो, मी महाडजवळचा आहे त्यामुळे ही गोष्ट मला वेगळी दिसते.

७ मार्च १९६५, काळ्यांच्या मतहक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीला निघालेल्या मोर्च्याला एडमंड पेटस पुलावर पोलिसांचा मार. दोन दिवसांनी मार्टिन ल्युथर किंग परत निघणार तर जॉन्सनने हुकूम काढला की सुनावणी होईपर्यंत मोर्चा काढायचा नाही. हो, मोर्च्याला आधी मनाई करणारा हाच जज. किंगपुढे पेच, फेडरल कोर्टाचा हुकूम मोडायचा तर आजवर त्याच कोर्टाने साथ दिली. ९ मार्चला लोकांना घेऊन पुलावर गेले, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि परत फिरले. तरुण पोरं प्रचंड चिडली.

आता महाड. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं हे सर्वांना माहीत. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, हजारो लोक जमले, आणि ऐनवेळी सनातन्यांनी महाडच्या कोर्टातून तात्पुरती मनाई आणली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण तळ्याचं काय? जमलेले लोक तुरुंगात जायला तयार होते, हुकूम मोडू म्हणत होते. बाबासाहेबांनी समजावलं, सत्याग्रह तहकूब केला आणि तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात न लावता. माझे पणजोबा त्या मिरवणुकीत होते असं घरात सांगतात, ओंजळ रिकामी ठेवून चाललो म्हणायचे.

म्हणून किंग पुलावरून मागे फिरले हे वाचताना मला ते तळंच दिसतं. फरक पुढे आहे. जॉन्सनने चार-पाच दिवस सुनावणी घेतली, पुलावर मार खाल्लेल्या जॉन लुईसची साक्ष झाली, पुलावरच्या मारहाणीची फिल्म कोर्टात दाखवली, आणि निकाल दिला की निषेध करायचा हक्क किती मोठा, तर ज्या अन्यायाविरुद्ध निषेध आहे तो जेवढा मोठा तेवढा, आणि इथे अन्याय प्रचंड आहे. २१ ला लोक निघाले, ५४ मैल चालून २५ ला माँटगोमेरीत. मनाई ते परवानगी, आठ दिवस. आमचा खटला चालला १९३७ पर्यंत, हायकोर्टात जिंकलो. दहा वर्षं.

वकीलीण_बाई

@निळी_पहाट, हे मला सुचलंच नव्हतं. आणि एक सांगू? मुंबई हायकोर्टाचा तो निकाल १७ मार्च १९३७ चा. जॉन्सनचा सेल्माचा निकाल १७ मार्च १९६५ चा. योगायोगच, पण आत्ता तारखा ताडून बघितल्या आणि खुर्चीत सरळ बसले.

तो निकाल देणारे ब्रूमफील्ड. म्हणजे १९२२ ला अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच ब्रूमफील्ड. महाडला त्यांनी सोप्या मुद्द्यावर निकाल दिला, तळं नगरपालिकेचं आहे आणि अनादि काळापासूनची रूढी म्हणता ती तुम्ही सिद्ध केली नाही. थोर वाक्यं नाहीत, पुरावा नाही म्हणून दावा नाही. जॉन्सनशी जमलं असतं त्यांचं.

वाचनमात्र

सहा वर्षं फक्त वाचतोय, आज लॉगिन करून पहिला प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

अटलांटाचा_अण्णा

बाप रे, केवढं झालं. सगळ्यांचे आभार.

कन्येला काल रात्री इथले प्रतिसाद वाचून दाखवले, तिचं मराठी ऐकायला ठीक, वाचायला बोंब. लिनचं ऐकून म्हणाली, ओके, म्हणजे पक्की नोकरी पुरत नाही. टस्कीगीचं ऐकून म्हणाली, सी, ही वॉज राँग टू. मग डॉक्टरांच्या त्या आजींवर गप्प झाली आणि विचारलं, त्यांचा भाऊ आला का? मला काय माहीत. डॉक्टर, माहीत असेल तर सांगा.

एक शोध लागला तो टाकतो. १९७९ ला जॉन्सन वरच्या कोर्टात गेला तेव्हा त्याच्या रिकाम्या खुर्चीत कार्टरने मायरन थॉम्पसन यांना नेमलं, वय ३३, कृष्णवर्णीय, आणि गाव कुठलं? टस्कीगी! ज्या गावाची हद्द कुरतडली आणि ज्यांचा दावा जॉन्सनने फेटाळला ते. पुढे अलाबामा सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश रॉय मूर (निवडून आलेले, वकीलीणबाई बघा) यांनी कोर्टाच्या इमारतीत टेन कमांडमेंट्सचा (बायबलमधल्या दहा आज्ञा) अडीच टनी दगड बसवला, तो हटवायचा हुकूम याच थॉम्पसन यांचा.

नागपुरी_तर्री

अण्णा, अडीच टन दगड जजने हलवला आणि आमच्या गल्लीतला एक स्पीडब्रेकर नाही हालून राहिला.

शंकासुर

खुर्चीचा मुद्दा आवडला. अजून अर्धा गुण. एकूण एक.

मेंदूची_डॉक्टर

अण्णा, नाही आला. मी होते तोपर्यंत तरी नाही.

भटकभवानी

अण्णा, पुढच्या वेळी जाताना आय-८५ हायवेवरून टस्कीगीला वळा, रस्त्यातच आहे. आणि मुलीला नकाशा छापून न्या, चौकोनी आणि २८ बाजूंचा, दोन्ही. तिला मोजू दे.